कंपनीचा कार्बोरेटर काढताय? आधी या चुका टाळा

माझ्या यामाहा आरएक्स १०० ला मूळचा मिकुनी कंपनीचा, २० मिलिमीटर व्यासाचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) होता. मित्रांच्या नादाने त्या जागी बाहेरचा २८ चा, केहिन कंपनीच्या पीडब्ल्यूके धाटणीचा चढवला. हायवेवर वरच्या आरपीएमला गाडी खरंच सुटायची. सिग्नलवरून निघताना मात्र रिक्षावाले मागे टाकून जायचे. मूठ पिळली की आधी ‘बव्’ करून गुदमरायची आणि मग कुठे उठायची. मेन जेट, म्हणजे जास्त मूठ पिळल्यावर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, तीनदा बदलला, फरक शून्य.

चुकला होता हिशेब. २० चा २८ केला म्हणजे आठच मिलिमीटर वाढले असं वाटतं, पण हवा जाते ती क्षेत्रफळातून आणि ते जवळजवळ दुप्पट होतं. ९८ सीसीचं इंजिन कमी आरपीएमला ओढून ओढून किती हवा ओढणार? वाट रुंद झाली की हवेचा वेग पडतो आणि वेग पडला की जेटमधून पेट्रोल वर खेचणारी ओढही पडते. खालचा पिकअप जातो तो यामुळे. जुन्या बुलेट ३५० वर २४ च्या जागी २८ लावला तर वाढ ३६ टक्क्यांची असते. इंजिनही मोठं, त्यामुळे जेटिंग, म्हणजे योग्य मापाचे जेट बसवणं, नीट केलं तर तिथे निभावतं. आरएक्सचं पोर्टिंग (सिलिंडरमधल्या हवेच्या वाटांची घडण) आणि सायलेन्सर मूळचेच ठेवणार असाल तर २८ च्या वाटेला जाऊच नका.

खरं तर पहिली चूक याच्याही आधी होते. कंपनीचा कार्बोरेटर ‘गेला’ असं ठरवताना तो कोणी उघडून पाहिलेलाच नसतो. पायलट जेटचं, म्हणजे मूठ न पिळता पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक केसाएवढं असतं. गाडी दोन महिने उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर तिथे बसतो आणि आयडलिंग (मूठ न पिळता इंजिन चालू राहणं) जातं. हे भोक क्लचच्या केबलची तार घालून साफ करू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त पिऊ लागते. कार्बोरेटर क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा द्या. मग जेट उजेडासमोर धरून आरपार गोल दिसतंय का ते बघा.

जेट साफ आहे, तरी मूठ सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही? मग कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी मॅनिफोल्डकडे बघा. तिथे चीर गेली की इंजिन बाहेरून हवा घेतं. गाडी थंड असताना, आयडलवर, त्या जोडावर क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की चोर सापडला. इतक्याशा रबरापायी लोक अख्खा कार्बोरेटर बदलतात.

स्क्रूचा घोळ तर रोजचा. आरएक्स किंवा जुन्या बुलेटच्या मिकुनीवर फिल्टरच्या बाजूला असतो तो एअर स्क्रू. तो आत फिरवला की हवा कमी होते, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये तो इंधन मोजतो, आत फिरवला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं. ‘दीड आटा उघड’ हा सल्ला दोन्हींना सारखाच दिला जातो आणि मग एकाची गाडी सुधारते, दुसऱ्याची फट्-फट् करू लागते.

जेटच्या आकड्यांचंही तसंच. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा, १०० म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो. त्यामुळे एकाचा ११० काढून दुसऱ्याचा ११० शोधण्यात अर्थ नाही. डुप्लिकेट जेटच्या आकड्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. एकाच पाकिटातल्या दोन ‘११०’ मध्ये माझी गाडी वेगवेगळी चालली आहे.

माझी सगळ्यात महागडी चूक ठरली असती ती ऑइल पंपाची, म्हणजे इंजिनला वंगणाचं ऑइल पुरवणाऱ्या पंपाची. आरएक्सच्या मुठीची केबल पुढे दोन फाट्यांत जाते, एक कार्बोरेटरला आणि एक पंपाला. मोठ्या कार्बोरेटरची स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता दट्ट्या) पूर्ण वर यायला केबल जास्त ओढावी लागते, म्हणजे मुठीशी जुळवलेली पंपाची खूण जुळेनाशी होते. यावर सोपा उपाय म्हणून पंप काढून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळतात. मग जेट छोटा राहिला तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जातं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. मेकॅनिकने वेळीच हटकलं म्हणून माझा बोअर (सिलिंडर) वाचला.

एअरबॉक्स (एअर फिल्टरची मूळची पेटी) काढून थेट शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की आवाज जबरदस्त येतो. आवाजालाच लोक ताकद समजतात. सीव्ही कार्बोरेटर असलेल्या पल्सरसारख्या गाड्यांत मधल्या आरपीएमला ताकदीत हमखास खड्डा पडतो, कारण स्लाइड हवेच्या दाबावर उचलली जाते आणि तिला शांत हवा लागते. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर हा फिल्टर घरीच ठेवा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर तोच जेट थोडा लीन पडतो, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. उलट, मुंबईत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, रिच होते. वर जाऊन स्क्रूला हात लावू नका, उतरलात की परत बिघडेल.

जेटिंग तपासायचं असेल तर नवा स्पार्क प्लग लावा, मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून थोडं अंतर चालवा आणि तशाच मुठीत किल स्विच मारून क्लच धरा. गाडी बाजूला घेऊन प्लग तिथेच काढा. पांढरा असेल तर जेट मोठा हवा, काजळी धरलेला असेल तर छोटा. किल स्विच नसेल तर चावीने बंद करा, पण आयडलवर घरापर्यंत आणून मग प्लग पाहू नका. तोवर त्यावर दिसतो तो पायलट जेटचा रंग.