समुद्रतळाखाली गॅस हायड्रेट शोधताय? विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातल्या या चुका टाळा

गॅस हायड्रेट म्हणजे पाणी आणि वायू मिळून झालेला बर्फासारखा घन पदार्थ. त्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याची क्षमता, जास्त असते, एवढं एक वाक्य वाचून लोक सर्वेक्षणाला निघतात. वाक्य खोटं नाही. खोल समुद्राचं थंड पाणी साधारण 0.3 ओहम-मीटर, त्याखालचा खाऱ्या पाण्याने भिजलेला गाळ 1 च्या आसपास, आणि छिद्रांत हायड्रेट भरलं की आकडा दोन, पाच, कधी त्याहून कितीतरी वर जातो. पण बहुतेक ठिकाणी आपण 1 आणि 2 मधल्या फरकाच्या मागे असतो. तेवढा फरक आपल्या हातच्या चुकीनेही पडतो. म्हणून कुणी इन्व्हर्जनचं, म्हणजे मोजमापांवरून उलट गणिताने काढलेलं तळाखालचं, रंगीत चित्र घेऊन आलं की मी आधी नेव्हिगेशनची फाइल मागतो.

अँटेना कुठे होती, हे ठाऊक नसणं

प्रेषक अँटेना जहाजामागे लांब केबलने, तळाच्या थोडी वरून ओढत नेतात; तिचं क्षेत्र तळावर ठेवलेले रिसिव्हर मोजतात. जीपीएस पाण्याखाली चालत नाही, तिथे ध्वनिलहरींवरून जागा काढावी लागते. द्विध्रुवाचं, म्हणजे अशा अँटेनाचं, क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात तरी घटतं, गाळात त्याहूनही वेगाने. म्हणजे अंतरात 3 टक्के चूक झाली की क्षेत्रात 9 टक्के चूक ठरलेलीच.

एका मोहिमेत आमच्या तरुण सहकाऱ्याने अख्ख्या रेषेवर 3 ओहम-मीटरचा सलग थर काढून दाखवला. सगळे खुलले, विहिरीच्या जागेची चर्चा सुरू झाली. मला खटकलं ते एवढंच की जिथे भूकंपीय छेदात (ध्वनिलहरींच्या परावर्तनावरून काढलेल्या तळाखालच्या चित्रात) काहीच नव्हतं, त्या सपाट भागातही थर तितकाच जाड होता. मी त्याला विचारलं, "अँटेना रिसिव्हरकडे येतानाचा डेटा कुठे आहे?" तो म्हणाला, "त्यात गोंगाट जास्त होता सर, वेळ वाचवायला फक्त दूर जातानाचा घेतला." मी दोन्ही बाजू एकाच कागदावर काढायला लावल्या. दूर जाताना प्रत्येक रिसिव्हरवर क्षेत्र अपेक्षेपेक्षा मोठं, येताना तेवढंच लहान. आरशातली प्रतिमाच! जमीन अशी वागत नाही. अँटेना रिसिव्हरच्या वरून पुढे गेली म्हणून खालचा गाळ बदलत नाही.

कारण सापडायला दोन दिवस गेले. फाइलमधली जागा केबलच्या टोकाच्या यंत्राची होती, अँटेनाचा मध्य त्याच्या 35 मीटर मागे होता आणि तो फरक कुणी धरलाच नव्हता. दूर जाताना 400 मीटर धरलेलं अंतर खरं 365 होतं, आणि तेवढ्याने क्षेत्र जवळजवळ एकतृतीयांशाने जास्त येतं. दुरुस्तीनंतर रेषेवर 1.1 ओहम-मीटर उरला, आणि दोनच रिसिव्हरखाली खरी, छोटीशी वाढ. ती वाढ त्या खोट्या थरात पार बुडाली होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून अँटेना पाण्यात सोडण्याआधी डेकवर टेप लावून प्रत्येक लांबी मी स्वतः मोजतो, चित्र काढून वहीत लिहितो. एक तरी रेषा उलट दिशेने ओढून घेतो. जहाजाचा वेळ महाग असतो म्हणून हीच रेषा सगळ्यात आधी कापली जाते. मी ती कापू देत नाही.

रोधकता दिसली की हायड्रेट म्हणून मोकळं होणं

मुक्त वायूही रोधक असतो. वायू झिरपतो तिथे साचलेला कार्बोनेटचा कडक थरही रोधक असतो. म्हणून भूकंपीय वेग शेजारी ठेवल्याशिवाय मी मत देत नाही: हायड्रेटने वेग वाढतो, मुक्त वायूने घसरतो. भूकंपीय छेदात बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर) दिसला म्हणजे काम झालं, असंही नाही. समुद्रतळाला समांतर जाणारं ते परावर्तन मुख्यतः खालच्या थोड्याशा वायूमुळे उठून दिसतं, वर हायड्रेट किती आहे ते त्यावरून कळत नाही. 1995 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या ब्लेक रिजवर 994 क्रमांकाच्या ठिकाणी बीएसआर नव्हता, तरी हायड्रेट मिळालं.

पुढची चूक आर्चीच्या सूत्राची. त्यात रोधकता घातली, संपृक्तता (छिद्रांचा किती भाग हायड्रेटने भरला ते) काढली, अहवाल तयार. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2006 च्या मोहिमेत 10 क्रमांकाच्या ठिकाणी सुमारे 130 मीटर जाडीच्या पट्ट्यात हायड्रेट लागलं, पण ते चिकणमातीतल्या तीव्र उताराच्या भेगांत भरलेलं होतं. सगळ्या दिशांनी रोधकता सारखी धरून काढलेली संपृक्तता दाबबंद गाभ्यांतून (खालचा दाब राखून वर आणलेल्या नमुन्यांतून) मोजलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आली. उभ्या भेगा आडव्या प्रवाहाला अडवतात, उभ्याला तेवढं नाही. एकाच गाळाचे दोन आकडे येतात आणि दोन्ही मोजमापं बरोबर असतात. वाळूतलं हायड्रेट आणि भेगांतलं हायड्रेट एकाच सूत्रात कोंबणारा अहवाल मी परत पाठवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तेलशोधाच्या वारंवारता उचलू नका. 1 ओहम-मीटर गाळात 0.25 हर्ट्झला त्वचाखोली (जिथे क्षेत्र साधारण एकतृतीयांशावर येतं ती खोली) सुमारे 1000 मीटर असते, आपलं लक्ष्य बहुधा वरच्या काहीशे मीटरमध्येच असतं. मी काही हर्ट्झपर्यंत जातोच.

पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय बदलांवर चालणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीवरच भिस्त ठेवू नका. तिचे प्रवाह मुख्यतः आडवे वाहतात, पातळ रोधक थर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही.

रिसिव्हर पाण्यात सोडण्याआधी त्याचं घड्याळ जुळवता, मग वर काढल्यावरही लगेच जुळवून बघा. बॅटरी काढून टाकली की ती संधी गेली.

पाण्याची वाहकता पुस्तकातून घेऊ नका. तापमानानुसार ती पृष्ठभागापासून तळापर्यंत बदलते, त्याच दिवशी मोजा.

कायम गोठलेल्या जमिनीत बर्फ आणि हायड्रेट दोन्ही रोधक असतात. तिथे नुसत्या रोधकतेवर हायड्रेटचा नकाशा काढणाऱ्याला माझा साफ नकार असतो.

आणि इन्व्हर्जनचा मेळ फार छान बसला म्हणून खूश होण्याआधी डेटाला दिलेल्या त्रुटी तपासा. अँटेनाच्या जागेची अनिश्चितता त्यात धरलेली नसेल, तर संगणक त्या 35 मीटरचंही हायड्रेट करून देतो.