लकव्याचा संशय: कॅज्युअल्टीपासून सीटीपर्यंत

बीपी किती आहे याआधी वेळ विचारा. पेशंट शेवटचा ठणठणीत कुणी, कधी पाहिला? "सकाळी उठले तेव्हाच तोंड वाकडं होतं" असं सांगितलं, तर घड्याळ रात्री झोपताना चांगले होते त्या वेळेपासून धरायचं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मर्यादा आहे. भोर-मुळशीकडून निघालेल्या, किंवा विसर्जनाच्या गर्दीत अडकलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना १०८ च्या गाडीतूनच फोन करायला सांगा. सीटीचं टेबल मोकळं हवं.

दारातून थेट सीटीकडे. वाटेत ग्लुकोमीटरवर साखर बघा. साखर खूप खाली गेली तरी एक बाजू लुळी पडते. आयव्ही (शिरेतली सुई) शक्यतो उजव्या कोपरात, १८ किंवा २० गेजची. मनगटाजवळच्या बारीक शिरेत लावली तर पुढे सेकंदाला ४-५ मिलि वेगाने डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडायचं औषध) सोडताना शीर फुटते. नथ, कानातलं, मंगळसूत्र, कवळी नातेवाइकांकडे द्या. ईसीजी आणि एक्स-रेसाठी थांबू नका. अ‍ॅस्पिरिन तर सीटीआधी मुळीच नको.

पहिला सीटी बिनडायचा. ताजं रक्त पांढरं दिसतं, पण गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत दिसेलच असं नाही. सीटी नॉर्मल म्हणून पेशंटला घरी पाठवणं ही सगळ्यात घातक चूक आहे. विंडो (स्क्रीनवर करड्या छटांची मर्यादा) अरुंद करा, रुंदी ४० आणि लेव्हल ४० च्या आसपास, आणि डावं-उजवं ताडून बघा: इन्शुलाची (मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेल्या भागाची) कडा पुसट झालीय का, मेंदूची मधली धमनी एका बाजूला जास्त पांढरी आहे का. डोकं तिरकं ठेवलेलं असेल तर खोटा फरक दिसतो, म्हणून आधी डोकं सरळ करून पट्टा लावा.

रक्तस्राव नसेल आणि मोठी धमनी बंद असल्याची शंका असेल, तर त्याच टेबलावर महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत अँजिओग्राफी, म्हणजे डाय सोडून धमन्यांचा सीटी. किडनीचा आजार आधीपासून असल्याचं माहीत नसेल तर क्रिएटिनिनची (किडनीच्या रक्ततपासणीची) वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं असेल, तर तेही अँजिओग्राफीसाठी अडवू नका.

एमआरआय कधी? झोपेत लकवा झाला असेल तेव्हा. डिफ्यूजन आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा. डिफ्यूजनवर डाग आहे, फ्लेअरवर नाही, म्हणजे घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. चक्कर, दुहेरी दिसणं, तोल जाणं असेल तेव्हाही. मेंदूच्या मागच्या भागात हाडांमुळे सीटी कमी पडतो. पेसमेकर आहे का ते आधी विचारा.

गुठळी ओढून काढण्यासाठी पेशंट दुसरीकडे पाठवताना फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, पूर्ण डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) पाठवा. पण सीडी तयार होईपर्यंत गाडी थांबवू नका. पेशंट निघू दे, फाइल मागून पाठवा.