ठाण्यात बसून रेंटनसारख्या बंद पडलेल्या स्कॉटिश क्लबचा इतिहास कसा शोधायचा

वीकेंडला रात्री जागून इंग्लिश लीग बघणारी पोरं आपल्या ठाण्यात भरपूर आहेत, त्यातल्या ज्यांना जुनं उकरून काढायचा नाद आहे त्यांच्यासाठी लिहितोय. क्लब घ्या रेंटन. लेव्हन नदीकाठचं छोटं गाव, कापड रंगवायच्या कारखान्यांवर जगणारं, तिथल्या खोऱ्यातलं टर्की रेड म्हणजे पक्क्या लाल रंगाचं कापड बोटीने आपल्या मुंबईतपण यायचं. या गावाने १८८५ आणि १८८८ ला स्कॉटिश कप मारला, आणि १९ मे १८८८ ला इंग्लंडचा एफए कप जिंकलेल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला ४-१ ने हरवून स्वतःला थेट जगज्जेते म्हणवून घेतलं. १९२२ ला क्लब बंद.

बहुतेक जण कप आणि स्कोअर गोळा करत बसतात. माझं ऐका, शेवटाकडून उलटं या, क्लब का संपला ते आधी धरा, म्हणजे काय शोधायचं ते आपोआप कळतं.

रेंटनचं कारण पैसा. इंग्लंडमध्ये १८८५ पासून प्लेयरला उघड पगार देता यायचा, स्कॉटलंडमध्ये ते १८९३ पर्यंत बंद, मग चांगली पोरं गावात राहतील कशाला? म्हणून एक साधी एक्सेल शीट करा, प्लेयरचं नाव, शेवटची मॅच, पुढचा क्लब, बस. रेंटनचे जेम्स केली आणि नील मॅकॅलम ही दोन नावं टाकून बघा. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची पहिली मॅच २८ मे १८८८, त्याच शहरातल्या रेंजर्सला ५-२ ने हरवलं, त्यात दोघंही सेल्टिककडून खेळले आणि क्लबच्या इतिहासातला पहिला गोल मॅकॅलमचा. म्हणजे रेंटन जगज्जेते झाल्यावर नऊच दिवसांनी! दोन तारखा शेजारी आल्या की टीम कशी फुटत होती ते डोळ्यासमोर येतं, मला तरी हे कुठल्याही कपपेक्षा भारी वाटतं.

आता पेपर. ‘ग्लासगो हेरल्ड’चे जुने अंक गूगल न्यूज आर्काइव्हवर फुकट आहेत, पण तिथल्या सर्चच्या भरवशावर राहू नका, तारीख धरून पानं उलटा. मॅचेस मोस्टली शनिवारी आणि रविवारी पेपर नाही, त्यामुळे सोमवारचा अंक उघडायचा, १८८८ ची कप फायनल ४ फेब्रुवारीला, कँबसलँगला ६-१, तर बघायचा ६ फेब्रुवारीचा. दुसऱ्या साइट्सवर नुसतं रेंटन टाकलंत तर आडनावं येतात, अमेरिकेतलं रेंटन शहर येतं, सोबत ग्राउंडचं नाव टॉन्टाइन पार्क टाका.

ते ग्राउंड बघायचं तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या साइटवर जा, तीपण फुकट. जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर चढवता येतो, एक स्लायडर असतो, तो हळूहळू सरकवला की जुनं मैदान विरत जातं आणि खालून घरं वर येतात. तिथेच उत्तरेला अलेक्झांड्रिया शोधा, साधारण ठाणे ते मुलुंड एवढंच अंतर, तिथल्या व्हेल ऑफ लेव्हनने १८७७ ते ७९ सलग तीन कप घेतलेत. दक्षिणेला डंबार्टन, त्यांचा १८८३ चा. एका नदीवर सहा कप, विचार करा!

लीगचा भाग थोडक्यात उरका. १८९० ला रेंटन स्कॉटिश लीगच्या संस्थापकांत होतं, पण प्लेयर्सना पैसे दिल्याबद्दल बंदी घातलेल्या सेंट बर्नार्ड्स क्लबशी खेळले म्हणून सीझनच्या सुरुवातीलाच हाकललं, मग कोर्टात गेले आणि १८९१ ला परत आले. १८९७ ला लीग कायमची सुटली, जागा हॅमिल्टन अ‍ॅकॅडमिकल क्लबला.

प्लेयर्स मॅचआधी स्पेशल चिकन सूप प्यायचे वगैरे किस्सेपण भेटतील, मस्त आहेत, पण शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवा, छापील बातमी सापडेपर्यंत. अडलात तर रेंटन ज्यांच्या हद्दीत येतं त्या वेस्ट डनबार्टनशायर कौन्सिलच्या लायब्ररीला मेल टाका, मेलमध्ये एकच प्रश्न, तारखेसकट. आणि फोनच करायचा असेल तर आपल्याकडे दुपारचे अडीच-तीन वाजले की करा, तेव्हा तिकडे ऑफिस उघडलेलं असतं.