क्लब रेसिंगमध्ये आवडीचा नंबर कसा मिळवायचा आणि कसा चिकटवायचा

अमेरिकेत हौशी मोटरसायकल रोड रेसिंग क्लबांच्या जिवावर चालतं. वेरा, सीसीएस या शर्यती भरवणाऱ्या संस्थांच्या मालिकांमध्ये गाडीवर लावायचा नंबर रेसिंग लायसन्सबरोबर मिळतो. अर्जात एकच नंबर लिहून मोकळे होऊ नका. तीन पसंत्या द्या आणि आधी घेतलेल्या नंबरांची यादी तपासा. दोन आकडी नंबर सहसा जुन्या खेळाडूंकडेच असतात. लायसन्सचं नूतनीकरण लांबवलंत तर आपलाही नंबर दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

नंबर मिळाला की नंबरामागच्या पाटीचा रंग बघा. या दोन्ही मालिकांमध्ये नवख्यांना पिवळी पाटी, अनुभवींना पांढरी. आकडे दोन्हीवर काळे. पुढे एक पाटी आणि दोन्ही बाजूंना एकेक.

खरी चूक होते ती आकड्यांच्या वळणात. तिरकी अक्षरं, सावली, चकचकीत क्रोम हे दिसायला झकास, पण ताशी २०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवर ३ आणि ८, १ आणि ७ एकच वाटतात. ट्रान्सपाँडर (लॅपची आपोआप नोंद करणारं गाडीवरचं यंत्र) बंद पडला की लॅप मोजणारा डोळ्यांवरच विसंबतो. नंबर वाचता आला नाही तर लॅप गेली. साधा ठळक टाइप घ्या: रेघ २५ मिमी जाड, दोन आकड्यांत किमान १० मिमी फट. उंची मात्र आपल्या क्लबाच्या नियमपुस्तिकेतूनच घ्या.

चिकटवण्याआधी फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चेनच्या वंगणाचा अंश राहिला तर कडा उचलतात. साबणाच्या पाण्यावर नंबराचं विनाइल स्टिकर ठेवून मधून कडेकडे पाणी दाबून काढा आणि रात्रभर वाळू द्या. एक जादा संच टूलबॉक्समध्ये असू द्या, कारण गाडी पडली की नंबरच आधी खरवडतो.