हीटर रॉड तापत नव्हता, दोष सांध्यात निघाला

यावल तालुक्यात केळीच्या बागेतली आमची खोली. थंडीत १५०० वॅटच्या हीटर रॉडने बादलीभर पाणी तापायला पाऊण तास लागायचा. दुकानदार म्हणाला, "भाऊ, रॉड बदलून टाका." आधी मीटर लावला.

रॉड चालू असताना खोलीत १९० व्होल्ट, करंट ५.४ अँपिअर. १९० भागिले ५.४ म्हणजे रॉडचा रोध (विजेला होणारा अडथळा) ३५ ओहम. रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट छापलेलं. २३० चा वर्ग भागिले १५०० केलं तरी ३५ च. म्हणजे रॉड ठणठणीत! फक्त पॉवर १९० गुणिले ५.४, जेमतेम १०२६ वॅट.

मेन बोर्डावर त्याच वेळी २३० होते. मधले ४० व्होल्ट वायरीत जिरत होते: ४० भागिले ५.४, सात ओहमच्या वर. एवढा रोध नुसत्या वायरीचा नसतो. मेन बंद करून वायर तपासली, तर तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा नुसता पीळ दिलेला सांधा, वरची टेप करपलेली. (पावणेदोनशे वॅट तिथेच जळत होते, आग लागली नाही हे नशीब.) तो कापून दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर बसवला. आता खोलीत २२२ व्होल्ट, ६.३ अँपिअर, जवळपास १४०० वॅट. पाणी अर्ध्या तासात कढत.