ट्रॉली भरण्याआधी पाकीट उलटं करा

आमच्याकडे इंग्लंडमधल्या स्लाउला दर वर्षी कोणी ना कोणी नवीन उतरतं. कधी नवऱ्याच्या ऑफिसातलं जोडपं, कधी मावसबहिणीच्या शेजारणीचा एमएस्सी करायला आलेला मुलगा. दोन दिवस झोप काढून झाली की तिसऱ्या दिवशी मी त्यांना किराण्याला घेऊन जाते आणि पहिली पाच मिनिटं काही न बोलता नुसती त्यांची ट्रॉली बघते. केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स, लरपॅकचं बटर, हाइन्झच्या बीन्स, काचेच्या एवढ्याशा बाटलीतलं जिरं. परक्या गावात ओळखीचं नाव दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. सतरा वर्षांपूर्वी माझाही गेला होता. पण त्याच रॅकवर, जिथे कंबरेतून वाकावं लागतं अशा खालच्या फळीवर, तीच वस्तू कधी कधी निम्म्या किमतीला पडलेली असते, आणि तिथे नवीन माणसाची नजर जातच नाही.

इथे जवळपास प्रत्येक सुपरमार्केट आपल्या नावाचा माल विकतं. आपण सगळे त्याला ‘ओन ब्रँड’ म्हणतो. पण ओन ब्रँड म्हणजे एकच एक दर्जा नव्हे, त्यातही पायऱ्या आहेत. वर टेस्कोचं ‘फाइनेस्ट’, सेन्सबरीजचं ‘टेस्ट द डिफरन्स’. मध्ये नुसतं दुकानाचं नाव असलेला साधा माल. आणि तळाला सगळ्यात स्वस्त, ज्यावर पुष्कळदा दुकानाचं नाव ठळक नसतंच. आस्डाचं ‘जस्ट इसेन्शियल्स’ भडक पिवळ्या पाकिटामुळे लांबूनही दिसतं, पण टेस्कोतलं ‘स्टॉकवेल अँड को’ ही कोणी जुनी पेढी वाटते. ती टेस्कोचीच आहे. सेन्सबरीजच्या स्वस्त मालाचं ‘स्टॅमफर्ड स्ट्रीट’ हे नाव त्यांचं जुनं मुख्य ऑफिस ज्या रस्त्यावर होतं त्याचं. आल्डी (इथे १९९० पासून) आणि लिड्ल (१९९४ पासून) या जर्मन दुकानांत तर बहुतेक सगळा माल त्यांचा स्वतःचा, फक्त प्रत्येक वस्तूला वेगळं बारसं केलेलं. त्यामुळे तिथे ‘ही कंपनी कधी ऐकली नाही’ म्हणून बिचकू नका.

माझी पद्धत साधी आहे. जे घेता त्याच्या एक पायरी खालचं एकदा आणून बघायचं. घरात फरक कळला नाही तर तिथेच राहायचं, कळला तर निमूट परत वर. कॉर्नफ्लेक्स मी घरी आणून सरळ स्टीलच्या डब्यात ओतले आणि खोका बाहेर टाकून दिला. दोन्ही मुलांनी महिनाभर खाल्ले, कोणी हूं की चूं केलं नाही. केचपला मात्र धाकटीने पहिल्याच घासाला ‘आई, हे कुठलंय?’ विचारलं. मग केचप हाइन्झचंच.

पण डोळे मिटून खाली उतरायचं नाही. किंमत बघताना मोठा आकडा सोडा. रॅकवरच्या पट्टीत खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा १०० ग्रॅमचा भाव असतो, तो वाचा. समजा एक पाकीट ४०० ग्रॅमचं १ पौंड २० पेन्सला आणि दुसरं ७५० ग्रॅमचं २ पौंड ४० ला. मोठं पाकीट स्वस्त असणार असं आपलं मन सांगतं, पण पहिलं किलोला ३ पौंड पडतं आणि दुसरं ३ पौंड २०. कधी एका पट्टीवर किलोचा भाव असतो आणि शेजारच्या पट्टीवर १०० ग्रॅमचा, तेव्हा मनातल्या मनात दहाने गुणा. टेस्कोचं क्लबकार्ड किंवा सेन्सबरीजचं नेक्टर कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, फुकट मिळतं, आणि कार्ड नसलं तर पुष्कळ वस्तूंना वरचा भाव लागतो.

मग पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं, आणि पाकिटावर ज्या पदार्थाच्या नावाने मिरवलं असेल त्याची टक्केवारी द्यावी लागते. दोन बरण्या शेजारी धरल्या की भांडं फुटतं. एकीत टोमॅटो पहिला, दुसरीत पाणी पहिलं. कधी स्वस्त वस्तूची यादी महागड्या वस्तूपेक्षा छोटी आणि स्वच्छ निघते, तेव्हा मला विनाकारण फार आनंद होतो. दूध, चीज, मांस अशा वस्तूंवर एक छोटं लंबगोल चिन्ह असतं, त्यात ज्या कारखान्यात माल तयार झाला किंवा भरला त्याचा नंबर असतो. ब्रँडवर आणि ओन ब्रँडवर एकच नंबर असेल तर दोन्ही एकाच दारातून बाहेर पडलेत. कृती तीच असेल असं मात्र नाही, म्हणून यादी वाचायचीच.

काही वस्तूंत वाचण्यासारखं काही नसतंच. साखर ही साखर, मीठ हे मीठ. तिथे सगळ्यात खालची फळी. दूध निळ्या लेबलाचं घ्या, ते म्हणजे फुल क्रीम. चार पिंटांच्या कॅनमध्ये २.२७ लिटर येतं. हिरवं लेबल अर्ध्या सायीचं, लाल म्हणजे जवळजवळ पाणी, त्याचं दही धड लागत नाही.

तुपासाठी बटरही ओन ब्रँडचं घ्या. बटर म्हणून विकायचं तर त्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असायलाच हवा, मग ते कोणाचंही असो. २५० ग्रॅमच्या वडीतून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. फक्त पाकिटावर ‘अनसॉल्टेड’ बघा. खारट बटर कढवलं तर मीठ सगळं बेरीत उतरतं आणि मग ती बेरी पोळीला लावून खायची मजा गेली. आणि ‘स्प्रेड’ लिहिलेल्या डब्याचं तूप करायला जाऊ नका, त्यात तेल आणि पाणी असतं.

मैद्याला इथे ‘प्लेन फ्लार’ म्हणतात. हे मला माहीत होतं, तरी दुसऱ्या दिवाळीला मी फसले. घाईघाईत सगळ्यात स्वस्त पाकीट उचललं. किंमत वाचली, नाव वाचलं नाही. ते निघालं ‘सेल्फ रेझिंग’, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. तेलात टाकल्या टाकल्या शंकरपाळ्या अशा फुगल्या की शेवटी टम्म उशा झाल्या, तुकडा करावा तर आतून पाव. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, ‘छान आहे, पण हे काय आहे?’

पोळ्यांसाठी सुपरमार्केटचं ‘होलमील ब्रेड फ्लार’ स्वस्त दिसतं, पण त्याच्या पोळ्या माझ्या तरी चिवट होतात. तिथे दहा किलोची चपाती आट्याची पिशवी बरी, मोठ्या दुकानात ‘वर्ल्ड फूड्स’च्या रांगेत मिळते. मसालेही त्याच रांगेत. मघाचं ते बाटलीतलं जिरं आठवतं? बाटली ‘हर्ब्ज अँड स्पायसेस’च्या रांगेत असते आणि दोन रांगा पलीकडे नॅटको, टीआरएस, ईस्ट एंड यांची मोठी पाकिटं असतात. दोन्हीकडचा १०० ग्रॅमचा भाव एकदा ताडून बघा, पुन्हा त्या बाटलीला हात लावणार नाही. बासमतीला ओन ब्रँड चालतो, पण ‘लाँग ग्रेन’ म्हणजे बासमती नव्हे आणि ‘ईझी कुक’ म्हणजे उकडा तांदूळ, त्याचा वरणभात मऊसूत होत नाही.

छोल्यांचा डबा ४०० ग्रॅमचा दिसतो, पण पाणी काढल्यावरचं वजन वेगळं छापलेलं असतं, साधारण २४०. तुलना त्या आकड्याची करा. नाहीतर कोरडे छोले भिजत घाला, त्याहून स्वस्त काही नाही. दाण्याच्या कुटासाठी कच्चे शेंगदाणे घेऊन घरीच भाजा. इथे कच्च्या सोललेल्या दाण्यांवर व्हॅट शून्य, पण तेच भाजून खारवले की २० टक्के.

श्रीखंड करणाऱ्यांसाठी एक पळवाट. चक्क्याला ‘ग्रीक योगर्ट’ चालतं, पण ओन ब्रँडवर बहुधा ‘ग्रीक स्टाइल’ लिहिलेलं असतं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१४ मध्ये ग्रीसमध्ये तयार न झालेलं दही ‘ग्रीक’ म्हणून विकायला मनाई केली. पण आपल्याला गाव कुठलं याच्याशी काय करायचंय? यादीत फक्त दूध आणि विरजण असेल तर ‘ग्रीक स्टाइल’ आणा आणि रात्रभर फडक्यात टांगा. स्टार्च किंवा जिलेटिन दिसलं तर खाली ठेवा. जिलेटिन हे प्राण्यांपासून काढतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी ब्रँड बदलला की यादी पुन्हा वाचावीच. चीजचंही तेच. एका दुकानाचं चेडर शाकाहारी, म्हणून दुसऱ्याचं असेल असं नाही. ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ शोधा. दाणे, तीळ, गहू, दूध यांची ॲलर्जी असेल तर ती नावं यादीत ठळक छापलेली सापडतील.

किराणा नव्हे, पण त्याच ट्रॉलीतल्या दोन गोष्टी. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दुकानाच्या नावाचंच घ्या. खोक्यावर ‘पीएल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, दोन खोक्यांवर तो सारखा निघाला तर औषध एकच, फक्त रंगीत खोका महाग. आणि तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल तर महाग डबा म्हणजे जास्त पौष्टिक असं समजून जीव टांगणीला लावू नका. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ‘फर्स्ट इन्फंट’ दुधाला पोषणाचे तेच कायदेशीर निकष पाळावे लागतात, आल्डीच्या डब्यालाही.

घराजवळ ‘एक्सप्रेस’ किंवा ‘लोकल’ नावाची छोटी शाखा असेल तर तिथे दूध-ब्रेड घ्या, महिन्याचं सामान नको. भाव पुष्कळदा जास्त असतात आणि तळाच्या पायरीचा माल कधी कधी मिळतच नाही.

चहात मात्र मी हात आखडत नाही. सेन्सबरीजचा स्वतःचा ‘रेड लेबल’ नावाचा चहा आहे, तो आपला ब्रूक बाँडचा नव्हे एवढं लक्षात ठेवा. टेटली २००० सालापासून टाटांची आहे, म्हणून कोणाला जवळची वाटते. मी एकदा कुठल्याशा दुकानाच्या सगळ्यात स्वस्त टी बॅग्ज आणल्या, आलं आणि वेलची दुप्पट घालून तीन दिवस रेटल्या. चौथ्या दिवशी नवरा ऑफिसातून येताना काही न बोलता भारतीय दुकानांच्या साउथॉलला उतरला आणि चहापत्तीचा किलोचा पुडा ओट्यावर आणून ठेवला. उरलेल्या टी बॅग्ज अजून वरच्या कपाटात आहेत, कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.