सांडपाण्याच्या गाळाचं खत: कपाशीला द्या, कोथिंबिरीला नको

गोठे रिकामे होत चालले तसं शेणखत महागलं. शहरांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत मात्र नत्र-स्फुरद असलेला गाळ निघतच राहतो. तो कच्चा वावरात टाकू नका, कुजवून खत करा; कच्च्या गाळात जंतांची अंडी महिनोन्‌महिने तग धरतात.

आधी केंद्राकडे जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम 5, शिसं 100 आणि निकेल 50 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. कारखान्यांचं पाणी त्याच गटारात येत असेल, तर गाळ फुकट मिळाला तरी आणू नका. उष्णतेने जंतू मरतात. धातू जमिनीत साठतच जातात.

गाळात मिसळायला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वापरा. जानेवारीत ती उपटली की बांधावर न रचता श्रेडरमधून (तुकडे करणाऱ्या यंत्रातून) काढा; गुलाबी बोंडअळीचाही बंदोबस्त होतो. एक घमेलं सुकवलेल्या गाळाला तीन घमेली तुकडे घ्या. गाळात नत्र जास्त, कर्ब कमी; नुसता रचला तर हवा खेळत नाही आणि अमोनियाचा भपकारा सुटतो. विहीर-नाल्यापासून लांब, पाचेक फूट उंच ढीग करा. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. हातमोजे आणि गमबूट हवेतच.

खरी मेहनत पुढे आहे. ढिगाच्या पोटात 55 अंशांहून जास्त उष्णता किमान 15 दिवस टिकायला हवी, आणि तेवढ्यात निदान 5 वेळा ढीग उलथायला हवा. बाहेरचा थर थंड राहतो, जंतू तिथेच वाचतात. म्हणून तो दरवेळी आत गेला पाहिजे. हात लावून अंदाज बांधू नका, आपल्याकडच्या उन्हात कुठलाही ढीग तापलेलाच लागतो. लांब दांडीचा थर्मामीटर खुपसा. उन्हाने ढीग सुकला की कुजणं थांबतं, म्हणून केळीची वाळकी पानं पांघरून पाणी शिंपडत राहा.

नंतर दोन महिने मुरू द्या. मातीसारखा वास आला आणि ओलं करूनही पुन्हा तापलं नाही, की खत तयार. वापरण्याआधी त्याचीही धातू आणि क्षारांची तपासणी करून घ्या.

कपाशीला वखराच्या शेवटच्या पाळीआधी एकरी 2 ते 4 टन पसरा. मेथी, कोथिंबीर, मुळा यांच्या वाफ्यात अजिबात नको. केळीला चालेल, पण पालाश (पोटॅश) सांडपाण्याबरोबर निघून गेलेलं असल्याने या खतात ते फार थोडं उरतं. रावेर-यावलकडच्या बागांनी पोटॅशचा हप्ता चुकवू नये.